पोच घेतली का?

३० एप्रिल २०२५, बुधवार, रात्रीचे नऊ. वक्फ दुरुस्ती कायद्याच्या निषेधार्थ पंधरा मिनिटं दिवे मालवा, अशी हाक ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने दिली होती. गोंदियातल्या आमच्या मोहल्ल्याने ती मनापासून पाळली. मी गच्चीवर उभा होतो. अख्खी गल्ली काळोखात, फक्त पोरांच्या हातातले मोबाईल चमकत होते. तेवढ्यात मागच्या गल्लीतले एक काका त्यांच्या गच्चीवर आले. आयुष्यभर राईस मिलमध्ये मुनीम होते ते. तिथूनच ओरडले, ‘‘का भाऊ, तुमच्याकडची फेज गेली का?’’

मी म्हणालो, ‘‘हो, येईल आता.’’ खरं कारण का सांगितलं नाही, ते मला आजही नीट कळलेलं नाही. सव्वानऊला दिवे लागले. काका समाधानाने खाली गेले.

त्या रात्री माझ्या फोनमध्ये चाळीसेक स्टेटस काळे होते. मोजले होते, कारण मला कौतुक वाटत होतं. सात महिन्यांनी, नोव्हेंबर संपत आला असताना, त्याच मोहल्ल्यातले एक वयस्क मुतवल्ली कापडी पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आले. नव्या कायद्याप्रमाणे वक्फ मिळकतींची माहिती ‘उमीद’ पोर्टलवर चढवायची होती. पोर्टल सुरू झालं ६ जून २०२५ ला, मुदत सहा महिन्यांची. पिशवीत धर्मादाय कार्यालयाचा ट्रस्ट नोंदणीचा उतारा होता, नझूलच्या नकाशाची फाटकी प्रत होती, एक उर्दू लिखत होतं जे कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि तालुक्यातल्या एका गावच्या कब्रस्तानबद्दल काहीच नव्हतं. मी ग्रुपवर मेसेज टाकला: कॉम्प्युटर येणारी, दोन संध्याकाळी देऊ शकणारी मुलं हवीत. दोघं आली. त्यातली एक बी.कॉम. दुसऱ्या वर्षाची मुलगी. काम खरं म्हणजे तिनेच केलं.

चाळीस आणि दोन. या दोन आकड्यांवरच मला लिहायचं आहे.

मी पोरांना दोष द्यायला बसलेलो नाही. काही जणांचं म्हणणं मला पटण्यासारखंही होतं: ज्या कायद्याला विरोध आहे त्याच्याच पोर्टलवर माहिती भरली, तर विरोध कुठे राहिला? प्रश्न प्रामाणिक आहे. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशाने काही कलमं थांबवली, नोंदणीची सक्ती थांबवली नाही. कायद्याविरुद्ध कोर्टात लढत राहणं आणि त्याच वेळी कब्रस्तानचा कागद पक्का करणं, यात विरोध नाही. नुसत्या वापरातून वक्फ ठरण्याची वाट नव्या कायद्याने पुढच्यासाठी बंद केल्यावर तर कागदाशिवाय उरतं काय? पण बहुतेक पोरांचा असा काही वाद नव्हताच. त्यांच्या लेखी निषेध ३० एप्रिलला सव्वानऊला होऊन गेला होता.

माझी नानी बिड्या वळायची. गोंदिया-भंडाऱ्यात हे वेगळं सांगायची गरज नाही, आपल्यापैकी कित्येकांच्या घरात तेंदूपत्त्याचा वास मुरलेला आहे. हजारामागे मजुरी, आणि सट्टेदाराने ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. छाट काढलेल्या बिड्या पुढे कुठे जातात, यावर नानीकडे एक जोक होता, तो इथे छापता येणार नाही. तर नानी हिवाळी अधिवेशनात पॅसेंजरने नागपूरला मोर्चाला जायची. बुरखा, हातात डबा, कमरेला पानाची चंची. सोबत कोष्टी बाया, महार बाया, तेली बाया, सगळ्या एकाच कारखान्याच्या. तिच्या पेटीत शेवटपर्यंत एक कागद होता: निवेदनाची कार्बन प्रत, खाली अंगठे, वर आवकचा गोल शिक्का आणि तारीख. नानीला वाचता येत नव्हतं. पण मोर्चाहून परतलेल्या बाईला ती भाषणाबद्दल विचारत नसे, गर्दीबद्दल विचारत नसे. विचारायची, ‘‘पोच घेतली का?’’

१९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला होतं, आणि आमच्या भागासाठी डिसेंबर म्हणजे मोर्चांचा महिना. पूर्व विदर्भाची निषेधाची शाळा हीच. या शाळेतला सगळ्यात भयानक दिवस म्हणजे २३ नोव्हेंबर १९९४. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाज नागपूरला गेला होता. आमच्या गावांतूनही माणसं गेली होती, लेकरं कडेवर घेऊन. निवेदन घ्यायला बराच वेळ सरकारकडून कुणी आलं नाही. मग पळापळ झाली, आणि ११४ माणसं चेंगरून मेली, बहुतेक बाया आणि मुलं. झीरो माईलजवळ त्यांचं स्मारक आहे. नागपूरला जाल तेव्हा दोन मिनिटं थांबा तिथे.

त्या लढ्याचं मूळ यादीतल्या एका नोंदीत होतं. ‘गोंड गोवारी’ ही एक जमात की गोवारी वेगळे? समाज ते घेऊन कोर्टात गेला, १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जिंकला, १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयात हरला, आणि मागणी अजून सोडलेली नाही. एवढी माणसं गमावलेला समाज चिडून काहीही करू शकला असता. त्याने वर्षानुवर्षं कागद सांभाळले.

आणि आपण? मराठीतले निषेधाचे शब्द जरा बघा: अर्ज, फिर्याद, हरकत, दाद, जाहीर, मोर्चा. सगळे अरबी-फारसीतून आलेले. ‘इन्किलाब जिंदाबाद’ हसरत मोहानींचं, ‘छोडो भारत’ युसूफ मेहेरअलींचं मानलं जातं. सोलापूरच्या मार्शल लॉच्या प्रकरणात १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे फासावर गेले, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र चालवायचे, आणि वयाने तुमच्याएवढेच होते. आमच्या गोरेगावात जिल्हा परिषदेच्या हायस्कूलला शहीद जान्या-तिम्यांचं नाव आहे, पण त्या शाळेतून शिकून आलेल्या पोराला ते दोघे कोण विचारलं तर तो डोकं खाजवतो. हा सगळा वारसा आपलाच आहे. प्रत्येक वेळी नव्याने, घाबरत घाबरत सुरुवात करायची गरज नाही.

मधल्या काळात निषेधाची रीत खूप बदलली, आणि पुष्कळशी चांगल्या दिशेने बदलली. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बाया तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर चालत गेल्या. फक्त सात. फेब्रुवारी २०१८ मध्ये मालेगावात तलाकच्या विधेयकाविरुद्ध बायकांचा महासागर रस्त्यावर आला. मागण्या एकमेकींच्या अगदी उलट, आणि त्यातली कुठली बरोबर यावर आपल्या वाचकांत घरोघर भांडणं आहेत, ती चालू द्या. मला रीत बघायची आहे. सात बायांनी निवेदन दिलं होतं, तो विषय पुढे अनेकींनी धरून ठेवला, आणि अर्ध्या शतकानंतर, ऑगस्ट २०१७ मध्ये, एका बाईच्या याचिकेवरून तोंडी तिहेरी तलाक कोर्टात रद्द ठरला. दुसरीकडे लाखांच्या मोर्चानंतर मालेगावच्या बायकांना पुन्हा कुणी विचारलं का, की पुढचं काय करायचं?

९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादेत पहिला मराठा मूक मोर्चा निघाला. घोषणा नाहीत, मुली पुढे, मागे कचरा उचलणारी पोरं. ती रीत सगळ्यांनी उचलली, आपणही. सप्टेंबर २०१८ मध्ये पुण्यात मुस्लिम आरक्षणासाठी मूक मोर्चा निघाला तो त्याच वळणाचा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून पायी आलेले शेतकरी दहावीच्या पोरांच्या परीक्षेचा खोळंबा नको म्हणून रात्रीतून चालत आझाद मैदानात पोचले. आणि डिसेंबर २०१९ नंतर दिल्लीच्या शाहीनबागेपासून मुंबईच्या नागपाड्यातल्या ‘मुंबई बाग’पर्यंत बायकांनी रस्त्यात ठाण मांडलं. माझी खाला, जिने कधी रेशन दुकानात आवाज चढवला नाही, तिने त्या हिवाळ्यात मोबाईलवर बघून संविधानाची उद्देशिका पाठ केली. आजही तिला येते. हे सगळं नव्या काळाने दिलं, आणि ते सोडायचं कारण नाही.

पण त्याच काळात जागा आकसत गेली. ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने शाहीनबागेच्या प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, आंदोलन ठरवून दिलेल्या जागीच. जिल्ह्यात सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१)(३) खाली पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघतात, पाच जणांचा जमावही विनापरवाना होतो. पूर्वी कलम १४९ ची नोटीस यायची, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची येते. मला एकदा आली होती. कुठल्या ठाण्याची ते सांगत नाही. मी कुणाची सभा घेतली नव्हती, फक्त एका ग्रुपचा ॲडमिन होतो. घाबरलो, खोटं कशाला बोलू? अम्मी दोन दिवस जेवली नाही. मग एका वकील भाईने शांतपणे सांगितलं: नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे, ती घ्यायची, वाचायची, प्रत ठेवायची आणि लेखी उत्तर द्यायचं. मी उत्तर दिलं. त्याची पोच घेतली. विषय तिथेच संपला. आमचा जिल्हा नक्षलग्रस्त यादीत होता, त्यामुळे इथे प्रश्न विचारणाऱ्याकडे तसंही जरा तिरकं बघितलं जातं. मुस्लिम असाल तर दुप्पट.

जागा आकसली तसा निषेध हातातल्या मोबाईलमध्ये शिरला, हे समजण्यासारखं आहे. तिथे परवानगी लागत नाही. पण तिथे मोर्चाचा स्वयंसेवकही नसतो. १२ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार, अमरावती आठवा. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा बंद, लोक जमले, दगड आणि तोडफोड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी उलट बाजूचा बंद, पुन्हा जाळपोळ, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. त्रिपुरात काय झालं ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात पवित्र मजकुराची चादर जाळल्याची अफवा फिरली आणि रात्रीपर्यंत शहरात संचारबंदी. अटक झालेल्यांचा आकडा शंभराच्या वर गेला. कुणी सुरू केलं, कुणाचं घर पाडलं गेलं, यावर बोलायला हवंच, आपण त्या अंकात बोललोही. आज एवढंच म्हणतो: ज्या हाकेखाली कुणाचं नाव नाही, वेळ नाही, परतायची वाट नाही, त्या हाकेला जाऊ नका. अशा हाकेची किंमत दगड मारणारा कधीच चुकवत नाही. ती चुकवतो कडेला उभा राहून व्हिडिओ काढणारा, कारण त्याचा चेहरा दुसऱ्याच्या व्हिडिओत असतो.

आता दोन आकडे शेजारी ठेवतो. वक्फ विधेयकाच्या संयुक्त संसदीय समितीकडे ९७ लाखांहून जास्त निवेदनं आणि ईमेल गेले. त्यात दोन्ही बाजूंचे होते. मशिदीबाहेर क्यूआर कोड लावले होते, स्कॅन केलं की तयार मजकूर जायचा. मीही पाठवला, चार सेकंदांत. दुसरीकडे महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे बारा हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये तोही कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. पण आधीच्या मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ होतं, ते बदलून ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ झालं, आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. ‘तत्सम’मध्ये उद्या कोण बसेल, ही भीती आहेच. तरी एक शब्द हलला. राजकारणाचं गणित दोन्हीकडे वेगळं होतं, त्यामुळे बारा हजार जिंकले आणि सत्त्याण्णव लाख हरले असा भोळा निष्कर्ष मी काढत नाही. पण कलम वाचून, आपल्या शब्दांत, आपल्या नावाने लिहिलेली हरकत आणि चार सेकंदांचा स्कॅन यात फरक आहे, आणि मी स्वतः स्कॅन करून झोपी गेलो होतो.

आता पुन्हा मुतवल्लींच्या पिशवीकडे. गावच्या कब्रस्तानचा कागद सापडत नव्हता. त्याच सुमारास मागच्या गल्लीतले काका चावी मागायला घरी आले. टेबलावर पसरलेले नकाशे बघून त्यांनी विचारलं, आणि ऐकून म्हणाले, ‘‘निस्तार पत्रक काढलं का?’’ मध्य प्रांताच्या काळापासून आपल्या भागात गावोगावी निस्तार पत्रक आहे: चराई कुठे, पाणी कुठे, मुर्दाड जनावर कुठे टाकायचं, मसणवट कुठे, कब्रस्तान कुठे, सगळं गट नंबरासह. जोडीला वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाचे रूढ हक्क. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत दोन्हींना आजही जागा आहे. नाव उर्दूतलं, आणि आमच्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं, कारण त्यांनी गावच्या चराईच्या जमिनीसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात कितीतरी खेटे घातले होते. तिसऱ्या दिवशी नक्कल मिळाली. कब्रस्तान, क्षेत्र, चतु:सीमा, सगळं त्यात होतं.

जाताना काका थबकले. म्हणाले, ‘‘त्या रात्री लाईट याच्यासाठी बंद केली होती का? मग सांगायचं ना भाऊ.’’

काय सांगणार? याच काकांच्या गावचे शेतकरी दरवर्षी धान खरेदी केंद्रासमोर बारदान्यासाठी, चुकाऱ्यांसाठी, बोनससाठी बसतात. आपल्यातले किती जण त्या धानाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, मिलमध्ये हमाल आहेत, चुंगडीचा धंदा करतात. धान थांबलं की आपलीही चूल थांबते. त्या धरण्यात मी आजवर एकदाही बसलो नव्हतो. तो प्रश्न मला आपला वाटला नव्हता, मग माझे मालवलेले दिवे त्यांना फेज गेल्यासारखे वाटले यात नवल नाही.

यंदा आम्ही पाच-सहा जण गेलो. आमच्या चहाच्या किटलीचं फार कौतुक झालं. निवेदन मराठीत कुणी लिहायचं यावर खोळंबा झाला तेव्हा ते त्या बी.कॉम.च्या मुलीने लिहिलं, दोन प्रतींत, आणि आवक विभागातून शिक्का मारून आणला. तीस दिवसांनी माहितीच्या अधिकारात त्या आवक क्रमांकाचं काय झालं, हे विचारायचं तिने वहीत लिहून ठेवलं आहे. मी सुचवलं नव्हतं.

दोस्तांनो, स्टेटस जरूर ठेवा. मीही ठेवतो. ६ डिसेंबरला पोर्टलची सहा महिन्यांची मुदत संपली, आणि त्याच्या आधी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ न देता वक्फ न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. तिथे अर्ज करायलाही हेच कागद लागणार आहेत. तेव्हा या रविवारी एक काम करा. तुमच्या गावच्या कब्रस्तानचा गट नंबर काढा, सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. विदर्भात असाल तर निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी तहसीलला अर्ज द्या. अर्जाचा मराठी नमुना आम्ही तयार केला आहे, मागाल त्याला पाठवू. आणि अर्ज दिल्यावर मला एकच फोटो पाठवा, आवकच्या शिक्क्याचा.